चवीचा रकाना

"साबणाला चव नसते," साहेब म्हणाले. "तुम्ही पुढच्या महिन्यात साबणाच्या वर्गाला नाव घाला."

साहेब रागावले नव्हते. आवाजही चढला नव्हता. आजारी माणसाला पथ्य सांगावं तसं सांगत होते. त्यामुळे आपला अपमान झालाय हे मला लगेच कळलंच नाही. शेजारच्या पोरांनी माना खाली घालून हसू दाबलं, तेव्हा कळलं.

भट्टीपुढच्या पडवीत लांब टेबल होतं. टेबलावर आठ ताटं. प्रत्येक ताटापुढे नावाची चिठ्ठी. सहा ताटांत नुसता चुरा उरला होता. दोन ताटं भरलेली होती. एक माझं. त्यात ज्वारीची नानकटाई, सकाळी मांडली तशी. तिच्यातली एक तेवढी आमच्या उस्तादांनी उचलून खाल्ली होती, बाकी सगळी जागेवर. दुसरं भरलेलं ताट लखूचं. त्यात खारी. तिच्याही एकाच तुकड्याचा कोपरा तुटलेला, तोही उस्तादांनीच तोडलेला.

परभणी जिल्ह्यातलंच ते एक तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही. त्या गावात चांगली माणसंही राहतात, आणि मला जे सांगायचंय त्यात सगळ्यात जास्त दोष माझाच आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी बोरीकडच्या एका खेड्यातला. मॅट्रिक झालो आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक, आणि हातात हातोडा. कामावर दुपारी सुकडी मिळायची. एका कढईतून वाढायचे. गावातल्या भल्या घरच्या बायकाही रांगेत उभ्या राहून पदरात घ्यायच्या. आमच्या मागं उभ्या राहायच्या, पुढं राहायच्या. ते बघून मला वाटलं, सरकार मधे आलं की हे सगळं असंच मिटत जाणार. खरंच वाटलं. वीस वर्षांचा होतो.

काम बंद झालं आणि पंचायत समितीच्या फळ्यावर कागद लागला. सुशिक्षित बेकारांसाठी बेकरीचा वर्ग, तीन महिने. पास होईल त्याला प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावर भट्टी बांधायला सरकारी मदत. मी तो कागद उभ्यानं चार वेळा वाचला. गावात परतलो ते भट्टी डोक्यात घेऊनच. कुठं बांधायची, धूर कुणीकडं जाईल, सगळं ठरवून.

लखूला मीच सांगितलं. तो आमच्याच गावचा, मांगवाड्यातला. त्यांच्या घरात घायपाताचे दोर वळायचे. सातवी शिकला आणि दोराला बसला. त्याचा अर्ज मी लिहिला.

"जमंल का रं मला?" तो म्हणाला.

"न जमायला काय झालं? सरकारचं हाय."

"तसं न्हाई. खायाची वस्तू हाय, म्हून म्हनलं."

"सरकारला जात नसती," मी म्हणालो.

त्यानं अंगठ्याला शाई लावायच्या ऐवजी सही केली. वळणदार, सावकाश. मग कागद धुळीत पडू नये म्हणून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

वर्ग एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याच्या भट्टीत होता. सरकारनं ती भाड्यानं घेतली होती. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. उस्ताद निजामाच्या वेळेपासून पाव भाजत होते. पाव भट्टीतून काढला की उलटा करून बोटाच्या पेरानं ठोकायचे. पोकळ आवाज आला की झाला. पीठ मळताना एखादा घाई करायला लागला की म्हणायचे, "कायकू भागरा रे? रेल छूट रही क्या?"

लखूचा हात बघून ते पहिल्याच आठवड्यात थांबले. खारीच्या पिठात तुपाचा थर घालून घडी मारायची, लाटायची, पुन्हा घडी. ताण कमी-जास्त झाला की थर फाटतो. लखूनं लहानपणापासून दोर ओढलेला. किती ओढलं की तुटतं, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. उस्ताद त्याच्या मागं उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "तेरेकू मैं क्या सिखाऊँ?"

माझ्या हातात तसलं काही नव्हतं. माझ्याकडे डोकं होतं. दुपारी पडवीत फळा लावून साहेब उद्योजकता शिकवायचे. कच्चा माल, मागणी, बाजारपेठ. कच्चा माल जवळ मिळेल तोच धंदा टिकतो, हे त्यांनी शिकवलं. मी विचार केला, मैदा रेशनवर मिळतो न मिळतो, आणि आमच्या भागात पिकते ज्वारी. मी ज्वारीच्या पिठाची नानकटाई करून बघितली. दोनदा भुगा झाला. तिसऱ्या वेळी जमली. वरून बारीक भेगा पडल्या, पाहिजे तशा. उस्तादांनी अर्धी खाल्ली, थांबले, उरलेली अर्धी खिशात घातली. घरी नेली. साहेबांनी फळ्यावर माझं उदाहरण लिहिलं. 'स्थानिक कच्चा माल.' त्या दिवशी मी जमिनीवरून चालत नव्हतो.

पण फळ्यावर लिहिणं वेगळं आणि खाणं वेगळं.

वर्गात पद्धत होती. दर शनिवारी ज्यानं त्यानं आपलं ताट मांडायचं. सगळ्यांनी सगळ्यांचं चाखायचं आणि चिठ्ठीवर चवीचे गुण लिहायचे. साहेबांचंच म्हणणं, की दुकानदारानं आधी गिऱ्हाईक व्हायला शिकावं. पहिल्या शनिवारी पोरं टेबलाच्या कडेनं खात-लिहीत निघाली. हसत, एकमेकांना चिडवत. सहा ताटं झाली. सातव्या-आठव्या ताटापाशी त्यांचे पाय थांबले नाहीत. कुणी काही बोललं नाही. कुणी तोंड वाकडं केलं नाही. पाण्यानं दगडाला वळसा घालावा तसे वळले.

वसंत म्हणून एक होता. बाजारात त्यांचं किराणा दुकान. स्वभावानं वाईट नव्हता, उलट सगळ्यांशी बोलायचा. तो माझ्या ताटावर वाकला, मोठ्यानं श्वास घेतला.

"वास लय भारी यायलाय गड्या," तो म्हणाला. "वासानंच पोट भरलं बघ."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. हेही लिहून ठेवतो. मीसुद्धा हसलो.

मग माझी पाळी आली. मी सगळ्यांचं खाल्लं. वसंताचा टोस्ट कच्चा होता, तरी बरे गुण दिले. शेवटी लखूच्या ताटापाशी आलो. खारी अशी फुलली होती, की बोट लावलं तर थर सुटतील. लखू समोरच उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. बाकीच्या पोरांकडे त्यानं बघितलं नव्हतं. त्यांच्याकडून त्याला आशाच नव्हती.

माझा हात खारीपर्यंत गेला. मग मी बोटावरचं पीठ झटकल्यासारखं केलं आणि हात परत घेतला.

इतकी वर्षं झाली, मी त्या हाताला कारणं शोधतोय. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती. वडिलांनी दीक्षा घेतलेली. माणूस माणूस समान, हे मी लहानपणापासून पाठ म्हणायचो. आणि त्याच घरात मांगवाड्यातलं पाणी कुणी प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं. 'पिऊ नको' असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. हे एक कारण. पण ते अर्धंच आहे. उरलेलं जास्त घाण आहे. मला वाटलं, याची खारी मी खाल्ली तर पोरं आम्हा दोघांना एकाच दावणीला बांधतील. नाही खाल्ली तर एखादा विचार करील, हा वेगळा दिसतो. एखादा माझी नानकटाई उचलील.

त्या पोरांपैकी कुणी उचलली नाही. त्या शनिवारीही नाही, पुढच्याही नाही. आणि मी दर शनिवारी पीठ झटकत राहिलो. लखूनं पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. पण तो माझी नानकटाई खायचा. दर शनिवारी एक उचलायचा. चिठ्ठीवर गुण लिहायच्या जागी मात्र काही लिहायचा नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

मग परीक्षेचा दिवस आला. गुणपत्रकात चार रकाने होते. माप, भाजणी, स्वच्छता, चव. पहिले तीन साहेबांनी उस्तादांना विचारून भरले. स्वच्छतेत मला आणि लखूला वर्गात सगळ्यात जास्त गुण. चौथा रकाना पोरांच्या चिठ्ठ्यांवरून भरायचा. त्या दिवशी लखूनंही माझ्या ताटातलं उचललं नाही. माझ्या ताटापुढे गुणांची एकही चिठ्ठी नव्हती. त्याच्याही नव्हती.

तेव्हा साहेबांनी ते साबणाचं सांगितलं.

"साहेब," मी म्हणालो. पहिल्यांदाच उभा राहिलो. "उस्तादांनी खाल्लंय. त्यांना विचारा की."

"उस्ताद शिकवणारे आहेत. नियम प्रशिक्षणार्थींचा आहे."

उस्ताद भट्टीच्या तोंडाशी बसले होते. त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग खाली बघितलं. भाडं साहेबांच्या सहीनं मिळायचं. मला त्यांचा राग आला नाही. आज तर अजिबात येत नाही.

"दुष्काळात एका कढईतली सुकडी सगळ्यांनी खाल्ली, साहेब."

"तेव्हा लोकांना पर्याय नव्हता," साहेब शांतपणे म्हणाले. "बाजारात गिऱ्हाइकाला पर्याय असतो. शासन टिकणाऱ्या धंद्याला मदत करतं. गिऱ्हाईक तोंडातच घालणार नाही, तो धंदा किती दिवस टिकेल? तुम्हीच सांगा. हे मी शिकवलंय ना?"

शिकवलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मी मान हलवली. स्वतःच्या विरुद्ध स्वतःच मान हलवली, आणि मग त्याचाच मला संताप आला.

"मग हा रकाना कशाला, साहेब? जात लिहा सरळ."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोरचा शनिवारचा गठ्ठा ओढला. चिठ्ठ्या एकेक करून उलटल्या, हळूहळू, सगळ्यांना दिसतील अशा.

"तुम्ही मोठ्या गोष्टी बोलताय," ते म्हणाले. "या बारा शनिवारांत तुम्ही या लखूला किती गुण दिलेत? त्याच्या ताटाची तुमची एकही चिठ्ठी मला सापडत नाही."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. वसंत म्हणाला, "आता कसं?"

मी काय करणार होतो? साहेब खरं बोलत होते. माझ्याच हातानं दिलेली वस्तू त्यांनी उचलून माझ्या तोंडावर मारली होती. मी टेबलाला वळसा घालून लखूच्या ताटाकडे गेलो. खारीला हात घातला. लखूनं ताटावर आपला पंजा ठेवला. दोर वळून वळून घट्टे पडलेला पंजा.

"राहू दी," तो म्हणाला. "साहेबानं इचारलं म्हून खायलायस."

एवढंच. आवाज न चढवता.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. पण तो दिवस तिथं संपला नाही.

दुपारी साहेबांनी मला एकट्याला आत बोलावलं. खुर्ची दिली. तीन महिन्यांत पहिल्यांदा खुर्ची.

"तुम्ही मॅट्रिक आहात," ते म्हणाले. "वर अर्जबिर्ज कराल. मला वाद नको आहे. उस्तादांचं मत धरून तुमचा रकाना मी भरतो. तुमची कल्पना चांगली आहे, ज्वारीची."

"आणि लखूचा?"

"त्याचं राहू द्या. सातवी पास माणूस. त्याला कागदपत्रातलं काय कळतंय? तो काही तक्रार करायचा नाही."

मी नाही म्हणालो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी लेखणी घेतली. 'माझी काही तक्रार नाही' या ओळीखाली सही केली. साहेबांनी प्रमाणपत्रावर शिक्का मारला. शाई ओली होती म्हणून मी त्यावर फुंकर घातली. ती फुंकर मला अजून आठवते. किती काळजीनं घातली होती.

परतीची एसटी एकच होती. लखू पुढं बसला, मी मागं. त्याच्या मांडीवर फडक्यात बांधलेली खारी होती, परीक्षेच्या ताटातली सगळी. गाडी गावाबाहेर पडल्यावर त्यानं फडकं सोडलं आणि खायला सुरुवात केली. एक संपली की दुसरी. खिडकीबाहेर बघत, घाई न करता. गाडीच्या आवाजातही मला ती कुरकुर ऐकू येत होती. का फक्त वाटत होती? शेजारच्यानं विचारलं, कुठनं आणली, तर लखू म्हणाला, "अशीच हाय." कुणाला दिली नाही. एवढी खारी एका माणसाला जात नाही. त्यानं सगळी संपवली. आमचं गाव आलं, उतरला, फडकं झटकलं, आणि मांगवाड्याच्या वाटेला लागला.

घरी आईनं प्रमाणपत्र हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"अन् लख्याला?" ती म्हणाली.

"न्हाई मिळालं."

"का बरं?"

"नापास झाला."

आईनं प्रमाणपत्र परत माझ्या हातात दिलं. "तूच तर सांगायचास," ती म्हणाली, "त्याची खारी लय गोड हाय म्हून."

मी सांगायचो खरं. दर आठवड्याला घरी येऊन सांगायचो. आणि मी ती कधी खाल्लीच नव्हती. वासावरून सांगत होतो. वसंत माझ्या नानकटाईवर वाकून जे करायचा, तेच. त्याच्यात आणि माझ्यात काय फरक होता? तो निदान पोरांपुढं उघड करायचा. मी घरी येऊन, चांगुलपणाचा आव आणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी परत गेलो आणि प्रमाणपत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"हे नको मला. दोघांचा रकाना भरा, नाहीतर माझाही खोडा."

साहेबांनी कागदाला हात लावला नाही. "दिलेलं प्रमाणपत्र परत घ्यायची तरतूद नाही," ते म्हणाले. "तुम्हाला मदत नको असेल तर अर्ज करू नका. विषय संपला."

मी तिथंच बसून अर्ज लिहिला. माझं ताट एकाही प्रशिक्षणार्थीनं चाखलं नाही. तरी माझा रकाना भरला गेला. लखूचं ताट मीही चाखलं नाही. त्याचा रकाना रिकामा राहिला त्यात मी आहे. खाली सही केली, प्रमाणपत्र टेबलावरच सोडलं. आवकच्या कारकुनानं तो वाचला, माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं, आणि नंबर टाकून फायलीत लावला. त्याचं उत्तर कधी आलं नाही. पुढच्या वर्षी वर्ग दुसऱ्याच्या भट्टीत भरला. उस्तादांचं भाडं गेलं. माझ्या अर्जातून झालं ते एवढंच.

मी लखूला सांगायला गेलो. ओढा ओलांडून मांगवाड्यात मी स्वतःहून पहिल्यांदाच गेलो. तो दोर वळत होता. मी सगळं सांगितलं. परत दिलेला कागद, अर्ज, सगळं. थोडी आशा घेऊन गेलो होतो, खोटं कशाला बोलू. वाटलं होतं, तो हातातला दोर खाली ठेवील.

त्यानं पीळ सोडला नाही.

"म्हंजे तुला भेटलेलं तू टाकलंस," तो म्हणाला. "मला बी न्हाई, तुला बी न्हाई."

"हां."

"मग केलंस काय तू?"

त्याच्या म्हातारीनं आतून पाण्याचा तांब्या आणला. मी प्यायलो. घटाघटा, सगळा. लखूनं ते बघितलं आणि पुन्हा दोराकडे वळला. तांब्याभर पाणी पिऊन मी काय परत देणार होतो?

लखूनं पुन्हा कधी खारी केली नाही. भट्टी नव्हती, कशात करणार? दोन वर्षांनी घरदार घेऊन गाव सोडून गेला. कुठं, ते मला नीट कळलं नाही. मी मास्तर झालो. मला पगार आहे, पंखा आहे. त्याची खारी कशी लागते हे मला माहीत नाही, आणि आता कळायचं नाही. मी जो कागद टाकला त्याला लोक कधी कधी त्याग म्हणतात. तो त्याग नव्हता. उशीर होता.

आता माझी पन्नाशी आली. परवा पत्र आलं. तालुक्याला खाद्यपदार्थांचा वर्ग आहे, स्वयंरोजगाराचा. शेवटच्या दिवशी पाहुणा म्हणून यावं, तरुणांना दोन चांगले शब्द सांगावेत, आणि प्रमाणपत्रांवर पाहुण्याची सही करावी. सोबत छापील नमुना जोडलाय. रकाने आता सात आहेत. सातवा चवीचा.

मी जाणार आहे. चांगले शब्द सांगणार नाही. आधी लखूचं नाव सांगीन, मग बारा शनिवार मी काय केलं ते सांगीन, पोरं हसली तरी. मग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक ताटातलं खाईन आणि तिथंच उभा राहीन. बाकीच्यांचे हात बघत. ज्याचा हात पीठ झटकल्यासारखा मागं येईल त्याचं नाव घेऊन त्याला परत बोलावीन. तो हात मी ओळखतो.

आणि एकही ताट भरलेलं राहिलं, तर त्या दिवशी मी कुणाच्याच कागदावर सही करणार नाही.